टाकी गेली, नळी राहिली

रोसविटाच्या तळघरातली तेलाची टाकी दारातून आत आलीच नव्हती, तेव्हा ती दारातून बाहेर जायचा प्रश्नच नव्हता. घर बांधलं तेव्हा लोखंडाचे पत्रे एकेक करून खाली उतरवले होते आणि शेजारच्या एगोनने तळघरातच ते जोडून टाकी उभी केली होती. एगोन धंद्याने वेल्डर, रोसविटाचा नवरा ओटमार गवंडी. ओटमारने एगोनच्या घराच्या भिंती चढवल्या, एगोनने ओटमारची टाकी जोडली आणि बिअर पीत बसून दोघांनी फिटंफाट केली. त्या टाकीतल्या तेलावर रोसविटाचं घर आयुष्यभर उबदार राहिलं. मुलगी त्या उबेत वाढली आणि ओटमारने डोळे मिटले तेही त्याच उबेत.

आता ती टाकी काढायची होती. तपासणीच्या माणसाने टाकीच्या पोटाखाली टॉर्च मारून नकारार्थी मान हलवली होती, आणि मुलगी बिर्गिट नेमकी त्याचीच वाट बघत होती. बिर्गिट राहायची कोब्लेंझला. दर रविवारी फोन करायची आणि बोलणं कुठूनही सुरू झालं तरी तळघराच्या जिन्यावर आणून सोडायची.

"आई, मी तुला घर तापवायला बाहेरच्या हवेवर चालणारं यंत्र बसवून देते. तेल नाही, वास नाही, खाली उतरणं नाही. पण एक सांगून ठेवते, येणारा हिवाळा नीट गेला तरच तू तिथे राहशील. काही गडबड झाली ना, तर शहरातल्या वृद्धाश्रमात जागा बघितलीय मी. मग तुझं एक अक्षर ऐकणार नाही."

"गडबड करायला मी काय तुझा बाप आहे?" रोसविटा म्हणाली. तिला त्या घरातून चार खांद्यांवरच बाहेर पडायचं होतं. याहून जास्त काही तिने देवाकडे मागितलेलं नव्हतं.

एगोनचीही तीच गत. त्याचा मुलगा उलरिश तर बिर्गिटपेक्षा घायकुतीला आलेला. त्यात एगोनचं डोकं वर्षभरापासून दगा द्यायला लागलं होतं. हे सगळ्या गल्लीत फक्त रोसविटाला ठाऊक होतं. कारण फक्त तीच रोज त्याच्याकडे बघत होती.

त्या गावात म्हातारी माणसं एकमेकांची खबर खिडकीच्या शटरवरून घेतात. सकाळी शटर वर गेलं म्हणजे माणूस उठला, जिवंत आहे, कॉफी ठेवतोय. उशीर झाला की शेजारी दार ठोठावतो. ओटमार गेल्यापासून रोसविटा एगोनचं शटर बघायची आणि एगोन रोसविटाचं. हल्ली त्याचं शटर वर जायचं, पण मग तो कुंपणापाशी येऊन विचारायचा, "ओटमार कुठाय गं? उठला नाही अजून?"

पहिल्यांदा तिने खरं ते सांगितलं. त्यावर एगोनचं तोंड असं काही पडलं, की जणू ओटमार आत्ताच गेला आणि ती बातमी त्याला भर रस्त्यात मिळाली. तो अख्खा दिवस त्याने काही खाल्लं नाही. त्यानंतर ती सांगायची, "वर आहे रे. दाढी करतोय." आणि एगोन समाधानाने म्हणायचा, "म्हणजे दुपारच झाली." खोटं बोलायला तिला जड जात नव्हतं. ओटमारची दाढी खरंच तेवढा वेळ चालायची.

टाकी काढायला माणसं आली ती जुलैत. त्यांचा मुकादम डार्को, क्रोएशियाकडचा, पण या भागात इतकी वर्षं काढलेला की शिव्या इथल्याच द्यायचा. आधी त्यांनी टाकीतलं उरलेलं चांगलं तेल उपसून बागेतून लांबच लांब नळी टाकून एगोनच्या टाकीत सोडलं. मग टाकीच्या डोक्यावरचं झाकण उघडलं. तोंडाला मुखवटा आणि पाठीला हवेची नळी लावून एक माणूस आत उतरला आणि तळाचा काळा गाळ बादल्या-बादल्यांनी वर द्यायला लागला. टाकी आतून पुसून काढली, पंखा लावून वाफ बाहेर काढली, हातातल्या मीटरने आतली हवा पुन्हापुन्हा तपासली. तेव्हा कुठे करवत खाली आली.

एगोन तळघराच्या पायरीवर बसून बघत होता. ठिणगी उडू नये म्हणून ती माणसं पात्यावर वंगण सोडत, इंच-इंच पत्रा कापत होती. त्याला ते बघवेना.

"अरे, असं भाजीसारखं काय चिरताय? गॅसचा कटर आणा. जेवायच्या आत मोकळे व्हाल."

"आजोबा, गॅसचा कटर लावला तर जेवायची गरजच राहणार नाही," डार्को म्हणाला. "तुम्ही, मी, आजीबाई, सगळे छपरासकट शेजारच्या गावात."

एगोन खो खो हसला. मग डार्कोने जोडावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे कोणी केलंय? सगळा पत्रा सडलाय, जोड तेवढे शाबूत आहेत."

"मी," एगोन म्हणाला. त्या दिवशी तो अगदी पूर्वीचा एगोन होता. कुठल्या कोपऱ्यात उभं राहायला जागा नव्हती, ओटमार कसा सळया हातात देता देता गाणी म्हणायचा, सगळं त्याला धडाधड आठवत होतं. रोसविटा वरून कॉफी आणि आलुबुखाराचा केक घेऊन उतरली, तेव्हा तिला वाटलं, उलरिशने याला आत्ता बघायला हवं होतं. संध्याकाळी पत्र्यांचे तुकडे गाडीत चढले. जोडाचा एक तुकडा एगोनने मागून घेतला आणि काखेत मारून घरी नेला.

तळघर रिकामं झालं. बिर्गिटचं यंत्र त्याआधीच परसात बसलं होतं. राहिली ती घराबाहेरच्या भिंतीतली नळी, जिच्यातून ट्रक तेल भरायचा. डार्को पान्हा घेऊन तिकडे वळला आणि रोसविटा आडवी आली. त्या नळीला धरून ओटमारने लावलेला गुलाब चढला होता. नळीभोवती वेटोळी घालून भिंतभर पसरलेला, आणि त्या आठवड्यात नुसता लालेलाल.

"नळी काढायलाच लागते, आजीबाई. टाकी गेली आणि नळी राहिली तर घोटाळा होतो."

"फुलं होऊन जाऊ देत रे. पानं गळली की ये, मीच फांद्या छाटून देते. आत्ता हात लावलास तर तो मरेल."

डार्कोने गुलाबाकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं आणि हात टेकले. आतल्या बाजूने त्याने नळीत बोळा कोंबला, बाहेरच्या टोपणावर लाल पट्टी करकचून चिकटवली. "टाकी नाही," असं त्या पट्टीवर ठळक अक्षरांत लिहिलं आणि नोव्हेंबरात येतो म्हणून निघून गेला.

ती लाल पट्टी एगोनच्या जिवाला लागली. सकाळी शटर वर करून तो कुंपणापाशी यायचा, पट्टी वाचायचा आणि घाबराघुबरा व्हायचा.

"रोसविटा! अगं, तुझी टाकी चोरली कोणीतरी!"

"चोरली नाही रे. काढली. तू बसला होतास की पायरीवर."

"मी?" तो विचारायचा. आपण तिथे होतो आणि आपल्याला आठवत नाही, हे त्याच्या लक्षात यायचं. तेवढंच नेमकं दुसऱ्या दिवशीपर्यंत विसरायचं. रोज सकाळी तोच ओरडा, तेच तोंड पडणं. एकदा तर तो ओरडत असताना पोस्टमन उभा राहून ऐकत होता. त्या दिवशी दुपारी रोसविटाने नखांनी खरवडून पट्टी काढून टाकली. दुसऱ्या सकाळी एगोनने नुसतं "गुलाब छान आलाय" म्हटलं, आणि तिला वाटलं आपण शहाणपणा केला.

शहाणपणा कसला. पण माया करणाऱ्या माणसाला त्या वेळी ते कळत नाही.

सप्टेंबर सरता सरता त्या गल्लीत दर वर्षी एक ठरलेलं काम व्हायचं. पाच घरांचं तेल एकत्र मागवलं की स्वस्त पडतं, आणि ते मागवण्याचा मान एगोनचा. तो घरोघर कुंपणापाशी जायचा, एकच शब्द विचारायचा आणि घरी जाऊन तेलवाल्याला फोन लावायचा. लिहून ठेवायची त्याला कधी गरज पडली नाही. हे काम त्याला अजूनही बिनचूक जमत होतं. त्याचा त्याला कोण अभिमान!

त्या सकाळी तो रोसविटाच्या कुंपणापाशी आला. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी.

"नेहमीसारखंच?" त्याने विचारलं.

रोसविटाच्या जिभेवर आलं होतं, की माझी टाकी गेली रे. पण रस्त्याच्या पलीकडून दोन बायका बघत होत्या, आणि एगोनचा चेहरा शाळेतल्या मुलासारखा फुलला होता. आता यालाही टोकायचं? संध्याकाळी आपणच तेलवाल्याला फोन करू, आपलं नाव काढायला सांगू, याला कळायचंही नाही, असा तिने मनाशी हिशेब केला.

"नेहमीसारखंच," ती म्हणाली.

संध्याकाळ व्हायच्या आत एगोन नाहीसा झाला. शोधता शोधता तो तिला गावाबाहेरच्या बसथांब्यावर सापडला, पायात घरातल्या सपाता, कामावर जायला बसची वाट बघत. ज्या कारखान्याची बस तो बघत होता तो केव्हाच बंद पडला होता. रोसविटाने त्याला हाताला धरून मागच्या शेतवाटेने, कोणाच्या नजरेला पडू न देता घरी आणलं, पाय धुतले, बटाट्याचे घावन आणि सफरचंदाचा मुरांबा खाऊ घातला. तो झोपेपर्यंत ती त्याच्या स्वयंपाकघरात बसून राहिली. या सगळ्यात तेलवाल्याला करायचा फोन राहिला तो राहिलाच. दुसऱ्या दिवशीही आठवला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

ट्रक आला तेव्हा रोसविटा केस कापायला तालुक्याच्या गावी गेली होती. बसमधून उतरताच तिला वास आला. सगळ्या रस्त्यावर तेलाचा वास होता. वळणावर अग्निशमन दलाच्या गाड्या दिसल्या. कुंपणाला धरधरून ती घरापर्यंत आली.

तळघराच्या छोट्या खिडकीच्या काचेवर आतून लालसर तेलाचे ओघळ होते, खाली तेलाचं तळं.

ट्रकचा ड्रायव्हर नवा होता, पोरसवदा. तो फुटपाथवर डोकं धरून बसला होता. त्याने कोणाला न विचारता काही केलं नव्हतं. आजोबांनी नळी दाखवली, टोपण उघडून दिलं, "भर, मी आहे इथे," म्हणाले. टाकी भरत आली की ट्रकला थांबवणारी एक तार असते. ती तळघरात तशीच कोरडी लोंबत राहिली होती, आणि तार कोरडी म्हणजे टाकी रिकामी असा ट्रकचा समज. तेलाच्या जोराने डार्कोचा बोळा केव्हाच उडाला होता. खिडकीकडे त्या पोराचं लक्ष गेलं तोवर सगळं होऊन बसलं होतं.

एगोन नळीजवळ ताठ उभा होता, हातात टोपण. रोसविटाला बघून त्याचा चेहरा उजळला.

"भरली गं तुझी टाकी. आता हिवाळ्याची काळजी नको."

तिने त्याच्या हातातून टोपण घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं. का ठेवलं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

बिर्गिट आली, तिच्या पाठोपाठ उलरिश. दोघांनाही शेजाऱ्यांनी फोन केले होते. अग्निशमनच्या साहेबाने सरळ सांगितलं, तेल जमिनीत उतरलंय, भिंतींनी पिऊन घेतलंय, या घरात आता कोणाला राहता येणार नाही. बिर्गिट रडत होती आणि रागावतही होती, तिला दोन्हीतलं धड एकही जमत नव्हतं.

"मागवलं कोणी हे?" तिने विचारलं.

ड्रायव्हरने एगोनकडे बोट केलं.

उलरिश बापासमोर जाऊन उभा राहिला. "बाबा? टाकी काढताना तुम्ही स्वतः तिथे बसला होतात. फोनवर मला सगळं सांगितलंत. त्या टाकीचा तुकडा तुमच्या खिडकीत ठेवलाय. आणि तुम्हीच तेल मागवलंत?"

एगोनने आधी नळीकडे बघितलं, मग तळघराच्या खिडकीकडे, आणि मग रोसविटाकडे. त्या क्षणी त्याला समजलं होतं. काय झालं, कोणी केलं, आणि आता आपलं काय होणार, सगळं त्याला लख्ख समजलं होतं. अंधारात एकट्या सोडलेल्या पोरासारखी भीती त्याच्या डोळ्यांत उभी राहिली. रोसविटाने ते डोळे ओटमारच्या दफनाच्या दिवशीही बघितले होते, पण ते असे नव्हते.

तिने आपल्या घराकडे एकदा बघून घेतलं.

"त्याला काय फैलावर घेतोस, उलरिश?" ती म्हणाली. "मी सांगितलं त्याला मागवायला."

"आई?"

"हो, मी. तो बिचारा म्हणत होता, अगं रोसविटा, तुझी टाकी तर काढली ना? मीच वाद घातला. म्हटलं, गप रे, तुला काय कळतंय, नेहमीसारखंच माग. आणि ती लाल पट्टीसुद्धा मीच काढली. विचारा कोणालाही."

यातलं अर्धं खरं होतं. त्यामुळे ते पटायला वेळ लागला नाही. पलीकडच्या दोन बायकांनी माना डोलावल्या. होय, त्यांनी कानांनी ऐकलं होतं, रोसविटाच म्हणाली होती, नेहमीसारखंच. बिर्गिटने तोंडावर हात घेतला आणि आईकडे असं बघितलं, जसं लोक आजाऱ्याकडे बघतात. तेवढं एक रोसविटाला सोसवेना. ती खाली बघत राहिली.

एगोनचे खांदे हळूहळू सैल झाले. "हो," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं तिला. टाकी काढली ना, म्हणून." आणि बोलता बोलता त्याला ते खरं वाटायला लागलं. संध्याकाळपर्यंत त्याच्यापुरतं तेच खरं झालं.

रोसविटाला शहरातल्या वृद्धाश्रमात हलवलं. खोली बरी होती, माणसंही वाईट नव्हती. नोव्हेंबरात डार्को शब्द दिल्याप्रमाणे आला आणि त्याने नळी काढली. कॉफी गार व्हायच्या आत संपलं, एवढंसंच काम होतं ते. गुलाब त्याआधीच गेला होता. तेल प्यायलेली माती खणून गाड्या भरून नेली, तिच्यासोबत तोही गेला.

गल्लीतली एक बाई भेटायला आली होती, तिच्याकडून कळलं की एगोन ठीक आहे, घरीच आहे. उलरिशने सकाळ-संध्याकाळ एक बाई लावून दिली आहे. आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून हळहळतो, "बिचारी रोसविटा. चांगली होती हो. डोकं गेलं तिचं. मी सांगत होतो तिला, पण ऐकेल तर शपथ."

रोसविटा हसली. बाई गेल्यावर मात्र ती पलंगावर बसून पोटभर रडली. घर गेलं त्याचं दुःख तर होतंच. पण खरं काय ते ज्याला ठाऊक होतं असा एकच माणूस होता, आणि तोही विसरला होता. आता ते ओझं तिला एकटीला वागवायचं होतं.

फोन मात्र येऊ लागला. रोज सकाळी, कॉफीच्या वेळेला. तिचा नवा नंबर उलरिशने एगोनच्या फोनशेजारी चिकटवून ठेवला होता.

"रोसविटा, अगं शटर खालीच आहे तुझं! बरं नाही का?"

"बरी आहे रे. जरा डोळा लागला होता. करते वर."

"कर बाई. घाबरलो ना मी."

मग ती उठून खोलीचा पडदा सरकवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सगळा हिवाळा असा गेला, मग उन्हाळाही गेला. गल्लीत तिचं घर शटर पाडून, तळघर उपसून, तसंच रिकामं उभं होतं.

सप्टेंबर सरत आला तशी एका सकाळी एगोनच्या आवाजात जरा ऐट होती.

"ऐक, आज मी सगळ्यांचं मागवतोय. तुझं काय? नेहमीसारखंच?"

रोसविटाने डोळे मिटले.

"या वर्षी नको, एगोन. माझी टाकी भरलेली आहे अजून."

"भरलेली? ओटमार जपून जाळतो वाटतं."

"हो. फार जपून."

"बरं. शटर वर कर तेवढं."

"करते," ती म्हणाली. त्याने फोन ठेवल्याची खात्री होईस्तोवर ती थांबली. मग तिने पर्समधून ते टोपण काढून मांडीवर घेतलं आणि या वेळी संध्याकाळची वाट न बघता तेलवाल्याचा नंबर फिरवला.

"थोड्या वेळात एगोनचा फोन येईल तुम्हाला," ती म्हणाली. "मी आत्ताच नको म्हटलंय त्याला, पण तो विसरून पाचच घरं सांगेल. हो म्हणा, त्याला टोकू नका. पण चारच घरांना पाठवा. पाचवं आता नाही."